आठवं झाकण

१

तुम्ही ज्या रस्त्याने रोज शाळेत जाता, त्या रस्त्याच्या कडेला उभे आहात अशी कल्पना करा. आता पायाखाली बघा. वर डांबर, डांबराखाली खडी, खडीखाली माती. त्याच्याही खाली, दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर, एक मोठा नळ आहे. त्यात तुम्ही सकाळी चूळ भरलेलं पाणी आहे, शेजाऱ्यांचं भांडी घासलेलं पाणी आहे, आणि ज्याचं नाव जेवताना काढू नये तेही आहे. हे सगळं अंधारात, गप्पपणे पंपघराकडे चाललेलं असतं. पंपघर ते पुढे ढकलतं. पुढे ते स्वच्छ होतं आणि मगच नदीला मिळतं. ते नीट वाहत असतं तोवर कुणाला त्याची आठवण येत नाही.

आता अशी कल्पना करा, की ते एका जागी अडलं आहे आणि वरच्या माणसांना त्याचा पत्ता नाही.

शनिवारी सकाळी पुलाखालच्या पायऱ्यांवर मासे मरून पडले होते. पांढरी पोटं वर केलेले, बोटाएवढे आणि हाताएवढेही. पाण्याला करडा रंग चढला होता आणि नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिथे उभं राहवत नव्हतं. तरी माणसं जमली होती, आणि माणसं जमली की बोलणं आलंच.

"हे त्या रंगाऱ्याचं काम," एकजण म्हणाला. "कपडे रंगवतो आणि पाणी इथे सोडतो."

"रंगाऱ्याचं कशाला? लाईनवाले झोपा काढतात," दुसऱ्याने सांगितलं.

हे दुसरं वाक्य एका दहा वर्षांच्या मुलीला लागलं. तिच्या खिशात नेहमी खडू असायचा, म्हणून घरीदारी तिला सगळे खडूच म्हणायचे. खडूचे बाबा या भागातल्या सांडपाण्याच्या वाहिनीवर कामाला होते. वाहिनीला तिथे कुणी वाहिनी म्हणत नसे. लाईन म्हणत. बाबा हाताने काम करायला हुशार आणि वस्तूंच्या बाबतीत विसरभोळे. छत्री, चष्मा, डबा, काहीही कुठेही ठेवून यायचे. मागे राहिलेल्या वस्तू गोळा करून घरी आणणं हे खडूने स्वतःकडे घेतलेलं काम होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

"माझे बाबा झोपा काढत नाहीत," ती म्हणाली.

गर्दीने तिच्याकडे पाहिलं. नेमकं त्याच वेळी सांडपाणी खात्याचे साहेब पायऱ्या उतरत होते.

"ही लाईन तुझ्या बाबांची?" साहेबांनी शांतपणे विचारलं. "मग त्यांना सांग, सोमवारी दहा वाजता लाईनीच्या चौकीवर कारण घेऊन या. कारण मिळालं नाही, तर मंगळवारपासून कामावर येऊ नका."

२

त्याच सकाळी खात्याकडून तपास करायला एक बाई आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, खांद्याला कापडी पिशवी. त्या पेन्सिलीने लिहायच्या पण जवळ खोडरबर ठेवायच्या नाहीत. चुकलं की त्यावर एक रेघ मारायच्या आणि पुढे जायच्या.

"खोडत का नाही?" खडूने विचारलं.

"कुठे चुकलो ते मागाहून दिसायला हवं ना," बाई म्हणाल्या. "तू कोण गं?"

"लाईनवाल्यांची मुलगी. माझ्या बाबांची लाईन साफ आहे. मला ते दाखवून द्यायचंय."

"मला काय दाखवायचंय ते मला अजून माहीत नाही. पण पुलावर बसायला कुणीतरी पाहिजे. घड्याळ कळतं?"

कळत होतं.

बाई आधी रंगाऱ्याकडे गेल्या. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे होते आणि तो वैतागलेला होता.

"दर वेळी माझंच नाव," तो म्हणाला. "बाई, माझं पाणी लाईनीत जातं. नदीत सोडायला मला काय वेड लागलंय? मी तिथेच पोहायला शिकलो."

"तर मग तुमच्या मोरीत मी एक डबी ओतली तर चालेल?"

डबीत हिरवी पूड होती. ती माणसांना बाधत नाही आणि माशांनाही नाही. फक्त पाणी गडद हिरवं करते. पाणी कुठून कुठे जातं हे त्यालाच विचारायची ही युक्ती. रंगारी खरं बोलत असेल, तर हिरवं पाणी लाईनीतून पंपघरात निघेल. खोटं बोलत असेल, तर नदीत.

नऊ वाजता डबी ओतली. खडू पुलावर बसली. नऊ चाळीसला पायऱ्यांजवळच्या पावसाळी गटाराच्या तोंडातून हिरवी धार पडायला लागली. पावसाळी गटार म्हणजे फक्त पावसाचं पाणी नदीला नेणारं. त्याचं आणि सांडपाण्याच्या लाईनीचं काही नातं असता कामा नये. आणि पाऊस तर कितीतरी दिवस नव्हता.

खडू धावत सुटली. "रंगारी खोटं बोलला," ती धापा टाकत म्हणाली.

बाईंनी रंगाऱ्याच्या मोरीवरची फरशी उचलून घेतली, बॅटरी मारली, आणि खाली वाकून बराच वेळ बघत राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "त्याचा नळ बरोबर लाईनीतच जातोय. हा माणूस खरं बोलतोय आणि तुझं हिरवं पाणीही खरं बोलतंय."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"लाईनीत शिरलेलं पाणी वाटेत कुठेतरी लाईन सोडतंय. कुठे, ते आता शोधायचं. तुझ्या बाबांच्या लाईनीवर."

३

पंपघर लाईनीच्या शेवटाला होतं. तिथला पंपवाला जाड, हसरा, स्टुलावर पाय टाकून बसलेला.

"हिरवं पाणी? नाही आलं. खरं सांगू का, हल्ली पाणीच कमी येतं. आधी दोन पंप लावायचो. आता एकाने भागतं. पंपाला आराम, मलाही आराम."

"हे हल्ली म्हणजे कधीपासून?"

त्याने बोटं मोजली. "आजचा बारावा दिवस."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

पंपवाल्याचे पाय हळूच स्टुलावरून खाली आले. "कमी आलं म्हणून कोण तक्रार करतं, बाई? जास्त आलं की बोंब मारायची असते."

बाईंनी वहीत 'बारा दिवस' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग पिशवीतून लाईनीचा नकाशा काढला. लाईनीत उतरायला ठरावीक अंतरावर चेंबर असतात, आणि प्रत्येक चेंबरवर लोखंडी गोल झाकण. या लाईनीवर बारा. नकाशा हातात धरून दोघी वरच्या टोकापासून चालत निघाल्या. खडू प्रत्येक झाकणावर खडूने आकडा लिहीत होती. पाच. सहा. सात.

सातच्या पुढे दोघी चालत राहिल्या. पुढचं झाकण आलं तेव्हा बाईंनी नकाशा बघितला, पावलं मोजली आणि त्या थांबल्या.

"हे आठ नाही. हे नऊ आहे."

मागे वळून पाहिलं तर सात आणि नऊ यांच्या मधे नुसता काळाभोर, गुळगुळीत रस्ता होता. गेल्या आठवड्यातच डांबर पडलं होतं. एखादा दात पडावा तसं आठवं झाकण नाहीसं झालं होतं, पण इथे खळगासुद्धा दिसत नव्हता.

"सगळा रस्ता खणायचा तर आठवडा जाईल," बाई म्हणाल्या. "नकाशा जुना आहे, चार हात इकडेतिकडे धरायला हवं."

खडू टपालपेटीजवळ जाऊन उभी राहिली. "खणायला नको," ती म्हणाली. "आम्ही इथे ठिक्कर खेळायचो. झाकण म्हणजे आमचं घर. टपालपेटीपासून लंगडी घालत अकरा उड्या, कधी चुकायच्या नाहीत."

तिने पाय उचलला आणि नव्या डांबरावर उड्या मारत गेली. अकराव्या उडीला थांबली, वाकली आणि तिथे एक फुली काढली.

४

रविवारी सकाळी फुलीच्या जागी पहार बसली. दुसऱ्याच घावाला लोखंड वाजलं.

खणायला बाबा होते आणि लांबूकाका. लांबूकाका दुपारपाळीवर. बाबा सकाळी जे काम अर्धं ठेवून जात, ते दुपारी लांबूकाका पुरं करत. दहा वर्षं असं चाललं होतं. त्यांना लांबू म्हणत कारण कुठल्याही दारातून आत येताना त्यांना मान वाकवावी लागायची. दोन बोटं तोंडात घालून शिटी कशी वाजवायची ते खडूला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांच्या घरी दोन महिन्यांची जुळी होती, त्यामुळे हल्ली ते उभ्या उभ्या पेंगायचे.

झाकण निघालं तेव्हा सगळे मागे सरले. आत विषारी हवा साठते, म्हणून आधी वायू मोजायचं यंत्र दोरीने सोडलं. यंत्र किंचाळायला लागलं. अर्धा तास पंख्याने हवा मारल्यावर ते गप्प झालं. मग बाबांनी पट्टे बांधले आणि शिडीवरून चार पायऱ्या उतरले.

"पाणी इथपर्यंत आलंय," खालून त्यांचा आवाज आला. "छातीला लागेल एवढं. वरच्या बाजूला जुना सांडवा आहे, त्यातून सरळ पावसाळी गटारात जातंय."

चेंबरच्या भिंतीत उंचावर एक भोक असतं. लाईन तुंबलीच, तर पाणी लोकांच्या घरात उलटं येऊ नये म्हणून फार पूर्वी केलेलं. त्याला सांडवा म्हणतात. त्यातून बारा दिवस सगळ्या वस्तीची घाण नदीत गेली. घरं कोरडी राहिली, म्हणून कुणी तक्रार केली नाही. तक्रार करायला फक्त मासे होते.

"पण तुंबलं कशाने?" बाईंनी वरून विचारलं.

खालून नुसती शिडी वाजली.

"अहो, लाईनवाले?"

बाबा हळूहळू वर आले. त्यांनी हातात एक दोरी धरली होती. तिचं एक टोक शिडीच्या दांडीला बांधलेलं होतं आणि दुसरं टोक पाण्याखाली गेलं होतं.

"खाली रबरी फुगा आहे," ते म्हणाले. "पुढच्या नळाच्या तोंडात, हवा भरून बसवलेला."

"कुणी बसवला?"

बाबांनी दांडीवरच्या गाठीकडे बघितलं. दोन वेटोळी आणि वरून एक फास.

"ही गाठ माझी आहे."

५

चौकी म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला टोप्या आणि गमबूट, दुसऱ्या भिंतीला एक लाकडी फळा. फळ्यावर ओळीने खुंट्या आणि प्रत्येक खुंटीखाली चेंबरचा आकडा. खडू डबा द्यायला यायची तेव्हा तिने तो फळा शंभरदा पाहिला होता. कुणी कधी त्यावर कोट अडकवायचं, कुणी पितळी बिल्ला. प्रत्येक कामगाराला नंबराचा बिल्ला असतो. तो दाखवला की हजेरी लागते. गेल्या महिन्यात बाबांचा बिल्ला एक दिवस सापडला नव्हता, तर त्यांची गैरहजेरी लागली होती.

फुगा कशाला लावतात हे मुकादमाने बाईंना सांगितलं. "आठ आणि नऊच्या मधे नळाला चीर होती. आत माणूस काम करणार, तर वरून पाणी येऊन चालत नाही. म्हणून आठमधे फुगा लावायचा. सिमेंट धरायला पाच-सहा तास. तेवढं पाणी वरच्या नळात मावतं. सकाळचा माणूस लावतो, संध्याकाळी दुपारपाळीवाला काढतो."

"आणि दुपारपाळीवाल्याला कसं कळतं, फुगा कुठे आहे ते?"

"फळ्यावरून. जो फुगा लावतो, त्याने आपला बिल्ला त्या नंबराच्या खुंटीला लावायचा. संध्याकाळी जो फुगा काढतो, त्याने बिल्ला खुंटीवरून काढायचा आणि ज्याचा आहे त्याच्या हातात द्यायचा. हातात, टेबलावर नाही. हा बिल्ला मिळाला म्हणजे तुझा फुगा निघाला. आमच्याकडे यात कधी चूक होत नाही. खुंटीवर बिल्ला म्हणजे खाली फुगा. एवढं सोपं."

काडकन आवाज झाला. खडूच्या मुठीतला खडू मोडला होता. तिने दोन्ही तुकडे खिशात घातले.

"मी बिल्ला लावला होता," बाबा म्हणाले. "आठ नंबरच्या खुंटीला. स्वतःच्या हाताने."

"संध्याकाळी खुंटी रिकामी होती," लांबूकाका म्हणाले. "मी बघितली. रिकामी म्हटल्यावर मी कशाला आठला जाऊ?"

"रिकामी कशी असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्ला माझ्या घरी होता. तूच आणून ठेवलास. पाळी सुटल्यावर येता येता देऊन जातोसच की कितीदा."

"त्या दिवशी नाही आलो."

"मग तो काय चालत आला?"

"मला काय माहीत? तुला तरी आठवतंय का कुठे काय ठेवलंस? विसरभोळा तू का मी?"

"आणि पेंगतो कोण?"

दहा वर्षांत ते दोघे असे बोलले नव्हते. मुकादम खिडकीबाहेर बघायला लागला. लांबूकाकांनी टोपी उचलली, दारात मान वाकवली आणि निघून गेले.

साहेब कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी फाईल मिटली.

"दुसऱ्याच दिवशी डांबरवाल्यांनी झाकण झाकलं, त्यांची चौकशी वेगळी होईल," ते म्हणाले. "इथे मात्र दोघांतला एक खोटं बोलतोय. लांबूला मागे एकदा झोपेवरून ताकीद मिळाली आहे. फुगा न काढता बिल्ला उतरवला आणि गुपचूप घरी टाकून आला, मला तर सरळ दिसतंय. उद्या दहाला मी त्याला काढायच्या कागदावर सही करतो."

खडूने बाबांकडे पाहिलं. बाबा वाचले होते, पण त्यांचा चेहरा वाचलेल्या माणसासारखा नव्हता.

६

दुपारी बाई घरी आल्या. आईने शिवणाच्या मशीनवरचे कपडे बाजूला केले आणि बसायला खुर्ची दिली. घर एका खोलीचं आणि एका स्वयंपाकघराचं. बाई बसल्या नाहीत. दार ओढून घेऊन त्याच्या मागची भिंत बघायला लागल्या.

तिथे दोन खिळे होते. एक वर, बाबांच्या डोक्याच्या पातळीला. त्यावर बाबांची पिशवी. दुसरा खाली, त्यावर खडूचं दप्तर.

"बिल्ला कुठे सापडला होता?" बाईंनी बाबांना विचारलं.

"इथेच, दाराआड. खिळ्यावर."

"कुठल्या?"

बाबांनी तोंड उघडलं आणि विचार करायला मिटलं. "खालच्या," ते सावकाश म्हणाले. "हो. दप्तराच्या पट्ट्याखाली. मी तर नेहमी वरच्यावर लावतो. मला वाटलं, लांबूने घाईत अडकवला असेल."

"लांबू घाईत असला तर वरच्या खिळ्याला लावेल का खाली वाकेल?"

बाबांनी मान वर करून वरच्या खिळ्याकडे पाहिलं.

बाई आईकडे वळल्या. "त्या संध्याकाळी घरी कुणी आलं होतं?"

"कुणीही नाही," आई म्हणाली. "उजेड पुरावा म्हणून मी मशीन दाराशी घेऊन बसले होते. रात्री जेवणापर्यंत उठले नाही. लांबूभावजी आले असते तर मला ओलांडून जावं लागलं असतं."

"हे तू मला सांगितलं नाहीस," बाबा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी? बिल्ला खिळ्यावर दिसला, उचलला, गेलात. कुणी आणला, एवढंसुद्धा विचारलं नाही."

मग आईचा हात कापडावर थांबला. तिने खालच्या खिळ्याकडे पाहिलं. त्यानंतर तिने खडूकडे पाहिलं नाही, आणि ते खडूला पाहण्यापेक्षा जास्त जाणवलं.

बाई बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या. "ये गं," त्यांनी हाक मारली. "मला मोठ्याने विचार करायची सवय आहे. ऐकायला कुणीतरी लागतं."

खडू जाऊन बसली.

"लांबूकाका आले नाहीत, हे तुझ्या आईने सांगितलं. म्हणजे बिल्ला त्यांनी आणला नाही. तुझ्या बाबांनी आणला असता तर वरच्या खिळ्याला लावला असता आणि सकाळी तो लांबूने आणला असं धरून चालले नसते. मग कुणी आणला? लाईनवाला कुणी असता, तर खुंटीवरच्या बिल्ल्याला हात लावला नसता, त्यांच्यात तेवढं सगळ्यांना कळतं. म्हणजे असं कुणीतरी, ज्याला खुंटीचा अर्थ माहीत नव्हता. पण तो बिल्ला तुझ्या बाबांचा आहे, आणि तो हरवला की हजेरी जाते, एवढं नक्की माहीत होतं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत चौकीवर येऊन गेलेलं. आणि ज्याचा हात वरच्या खिळ्याला पुरत नाही."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली. 

"त्या सोमवारी शाळा अर्धीच होती," खडू म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी डबा घेऊन गेले. बाबा नव्हते."

"हं."

"मला वाटलं, विसरले."

"मलाही तुझ्या वयाची असताना तेच वाटलं असतं."

"मासे माझ्यामुळे मेले?"

 बाईंना खोटं उत्तर देणं सोपं होतं.

"एकट्या तुझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या. "पंपवाल्याने पाणी कमी झाल्याचं सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. डांबरवाल्यांनी झाकण गाडलं नसतं, तर कुणीतरी उघडलं असतं. तुझ्या बाबांनी बिल्ला हातात मिळाला नसताना लांबूला एक शब्द विचारला असता, तरी पुरलं असतं. आणि फळ्यावर नुसत्या खुंट्या आहेत. कुणी नवीन माणूस आला तर त्याला कळेल असं एक अक्षर तिथे लिहिलेलं नाही. पण तू विचारलंस म्हणून सांगते. हो, त्यात तुझाही एक हात आहे."

खडूने गुडघ्यात डोकं घातलं.

"तुम्ही उद्या साहेबांना सांगा," ती आतूनच म्हणाली.

"मी खिळ्याचं सांगणार आहे. पण साहेब म्हणतील, खिळा म्हणजे काय पुरावा? कुणी पाहिलं? मी तर पाहिलेलं नाही. पाहिलेलं एकच माणूस आहे."

"मी सांगितलं तर बाबांना काय होईल?"

"त्यांना बोलणी बसतील. हातात बिल्ला मिळाल्याशिवाय त्यांनी फुगा निघाला असं धरलं, ही त्यांची चूक वहीत येईल. कदाचित काही दिवस काम आणि पगार बंद होईल. कदाचित जास्त. ते मला सांगता येत नाही, आणि सगळं ठीक होईल असं मी तुला सांगणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "ते तू चौकीत ऐकलंस," त्या म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

त्या दिवशी घरात जेवणं झाली, भांडी घासली गेली. मोरीतून पाणी गुडगुडत खाली गेलं, आणि ते कुठे जातं हे माहीत असलेली तिघं एकमेकांशी फारसं बोलली नाहीत. आईने झोपताना खडूच्या केसांतून हात फिरवला, एवढंच. विचारलं काही नाही.

७

सोमवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना चौकीत सगळे जमले होते. मुकादम उभा, पंपवाला उभा. बाबा एका भिंतीला टेकून आणि लांबूकाका समोरच्या. मधे साहेबांचं टेबल आणि त्यावर एक कागद. बाईंचं खिळ्याबद्दल सांगून झालं होतं. साहेबांनी ऐकलं होतं, मान हलवली होती, आणि म्हटलं होतं, "बाई, खिळा कितीही उंचीवर असो. कुणी पाहिलंय का?"

 साहेबांनी पेनचं टोपण काढलं.

"माझी काही तक्रार नाही," लांबूकाका अचानक म्हणाले. ते फळ्याकडे बघत होते. "फक्त एवढंच लिहा की खुंटी रिकामी होती. खोटा म्हणून जायचं नाही मला. घरी दोन पोरं आहेत. मोठी झाली की विचारतील."

बाबा भिंतीपासून सुटले. "साहेब, जरा थांबा," ते म्हणाले. पण पुढे काय म्हणायचं ते त्यांना माहीत नव्हतं, कारण त्यांना खरंच माहीत नव्हतं.

दारात शाळेच्या कपड्यांतली एक मुलगी उभी होती. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. ती आत आली. कोपऱ्यातलं स्टूल तिने फरशीवरून ओढत फळ्याखाली आणलं. स्टुलाचा आवाज एवढा झाला की साहेबांचं पेन थांबलं. ती स्टुलावर चढली. दप्तराच्या पुढच्या कप्प्यातून तिने सकाळी घरच्या खिळ्यावरून घेतलेला बाबांचा पितळी बिल्ला काढला आणि आठ नंबरच्या खुंटीला लावला. थोडा वेळ तो हलत राहिला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

मग तिने तो पुन्हा खुंटीवरून काढला. सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, अगदी त्या सोमवारी काढला होता तसा.

"हा मी असा काढला होता," ती म्हणाली. "बाबा विसरले असं वाटलं म्हणून. घरी नेला. कुणाला सांगितलं नाही. लांबूकाका आले तेव्हा खुंटी खरंच रिकामी होती."

तिने बाबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पुढचं जमलं नसतं. ती स्टुलावरून उतरली आणि खोली ओलांडून समोरच्या भिंतीकडे गेली. लांबूकाका एवढे उंच होते की तिला मान पूर्ण वर करावी लागली. ते खाली वाकले.

खडूने त्यांचा हात धरला, बोटं एकेक करून उघडली, आणि जो बिल्ला खुंटीवरून त्यांनीच उतरवायचा होता, तो त्यांच्या हातात दिला.